घर मालकाचं, दर्शनी भिंत गावाची

गेल्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेची लाट आली, तेव्हा भाचीचा रूआंहून फोन आला. फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या या गावात ती शिकायला आहे. राहते एका जुन्या लाकडी सांगाड्याच्या घरात, अगदी वरच्या मजल्यावर, छपराला डोकं आपटेल अशा खोलीत. "मामा, माझ्या पैशाने एसी लावते म्हटलं तरी मालक नाही म्हणतो. म्हणे घर जुनं आहे, बाहेरच्या भिंतीवर डबा लटकवायला परवानगी मिळायची नाही. अरे, घर तुझं, भिंत तुझी, मग विचारायचं कुणाला?"

प्रश्न रास्त आहे. दर उन्हाळ्यात "एवढ्या श्रीमंत देशात एसी कसे नाहीत" ही चर्चा आपल्याकडच्या ग्रुपवरही रंगते, आणि मग कुणीतरी ठोकून देतं की तिकडे जुनी घरं सरकारजमा असतात. तसं अजिबात नसतं. पण मालकाची मर्जी चालते असंही नसतं. या दोन टोकांच्या मधे फ्रेंचांनी एक व्यवस्था बसवली आहे. ती समजून घ्यायची तर कलमांपासून सुरुवात करण्यात अर्थ नाही; एखादं खरंखुरं घर समोर ठेवलेलं बरं.

भाड्याऐवजी प्रार्थना

पॅरिसच्या तिसऱ्या विभागात र्यू द मोंमोरांसी नावाची अरुंद गल्ली आहे. तिथलं ५१ नंबरचं घर बघायला मागे सरकत गेलात तर समोरच्या भिंतीला पाठ लागते. खाली रेस्टॉरंट आहे. त्याच्या दारांमधल्या दगडी खांबांवर वाद्यं वाजवणारे देवदूत कोरलेले आहेत, आणि त्यांच्या वर, घराच्या रुंदीभर, एका ओळीत जुन्या फ्रेंचमधला लेख. मराठीत तो साधारण असा: आम्ही, या घराच्या ओसरीत राहणारे कष्टकरी स्त्री-पुरुष, जे घर १४०७ साली बांधलं गेलं, रोज प्रत्येकी एक 'पातेरनोस्तर' आणि एक 'आवे मारिया' म्हणायला बांधील आहोत, देवाने आपल्या कृपेने निधन पावलेल्या गरीब पाप्यांना क्षमा करावी, आमेन. गोव्यात 'आमच्या बापा' आणि 'नमान मारिये' म्हणतात, त्याच या दोन प्रार्थना.

घराच्या दारावर कोरलेला हा भाडेकरार म्हणायला हरकत नाही. बांधणारा नीकोला फ्लामेल. धंद्याने लेखनिक, कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणारे बसतात त्या जातकुळीचा, वर पोथ्यांच्या नकला करून विकणारा. बायको पेर्नेल त्याच्याशी लग्न होण्याआधी दोनदा विधवा झालेली, हाती पैसा असलेली. ती १३९७ मध्ये वारली. पुढे दहा वर्षांनी त्याने हे घर उभं केलं. खालचे गाळे भाड्याने द्यायचे, वरच्या मजल्यांवर गरिबांना फुकट ठेवायचं, आणि त्यांनी बदल्यात मृतांसाठी प्रार्थना करायची, अशी योजना. आपल्याकडच्या धर्मशाळेसारखीच, फक्त पुण्य मिळालं की नाही याची खात्री करायची सोय भिंतीवरच केलेली! स्वतः फ्लामेल इथे कधी राहिला नाही. त्याचं बिऱ्हाड आणि दुकान सँ-जाक चर्चच्या आसपास होतं.

फ्लामेल हे नाव तुमच्या मुलांना कदाचित तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असेल, कारण जादूच्या गोष्टींत तो परिसाचा दगड सापडलेला किमयागार म्हणून येतो. ही ख्याती त्याच्या मृत्यूनंतर सुमारे दोनशे वर्षांनी, १६१२ मध्ये त्याच्या नावावर छापलेल्या एका पुस्तकापासून पसरली. खरा माणूस १४१८ मध्ये गेला. त्याची श्रीमंती लेखणी, लग्न आणि घरभाडं यांतून आलेली होती. त्याच्या थडग्यावरचा दगड आज पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयात आहे. त्याआधी तो एका दुकानात पालेभाजी चिरायला वापरत होते असं सांगतात.

हे घर आज पॅरिसमधलं सर्वांत जुनं दगडी घर मानलं जातं. १९११ मध्ये त्याला 'ऐतिहासिक स्मारक' हा दर्जा मिळाला. आणि तरीही संध्याकाळी तिथे लोक जेवायला बसतात. काचेआड ठेवलेलं ते घर नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

गावातलं घर कसं असायचं

मध्ययुग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले नाहीतर चर्च येतात. पण गावात राहणारा सोनार, लेखनिक, कातडी विकणारा राहायचा कुठे? त्याचं घर आपल्या जुन्या बाजारपेठेतल्या घरासारखंच होतं. रस्त्याला तोंड अरुंद, आत लांबलचक. पुढे दुकान, माडीवर बिऱ्हाड, मागे अंगण, अंगणात विहीर. शेजारच्याशी भिंत सामायिक. रस्त्यालगतची जागा महाग, म्हणून रुंदी कमी आणि खोली जास्त, हे गणित जगभर सारखंच.

दगडाचं घर ही श्रीमंतीची खूण. बुर्गोन्य प्रांतातल्या क्लूनी गावात बाराव्या शतकातली दगडी घरं अजून उभी आहेत. पण पुष्कळ गावांत घराचा सांगाडा ओकच्या लाकडाचा असायचा आणि मधल्या चौकटींत काड्या विणून त्यावर माती-पेंढ्याचा लेप. कोकणातली कुडाची भिंत ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं शिकवायला नको. फरक इतकाच की इथे कुडाच्या भोवती जाडजूड खांब-तुळयांचा पिंजरा असतो आणि घराचा भार तो पिंजरा पेलतो, भिंत नाही.

या पिंजऱ्याची एक गंमत. सुतार सगळा सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवायचे, प्रत्येक सांध्यावर छिन्नीने खूण करायचे, मग तो सुटा करून जागेवर उभा करायचे. एक रेघ, दोन रेघा, चारला चार रेघा. ऑनलाइन मागवलेल्या कपाटाच्या फळ्यांवर अ, ब, क चिकटवलेलं असतं, तोच प्रकार. भाचीच्या जिन्यातल्या एका खांबावर अशा तीन रेघा आहेत. ती इतके दिवस समजत होती की कुणीतरी पोराने चाकूने ओढल्या असाव्यात.

आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते: वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला. वर चार वीत जागा जास्त मिळते, खालच्या भिंतीवर पाऊस कमी येतो. पण समोरासमोरची दोन घरं अशी पुढे झुकली की गल्लीत उजेड येत नाही, आणि आग एका घरातून दुसऱ्यात उडी मारते. म्हणून रूआंत १५२० मध्ये असे पुढे आलेले मजले बांधायला मनाई झाली. मनाई तेव्हा रहिवाशांना जाचक वाटली असेल. आज ती अभ्यासकांच्या उपयोगी पडते: मजला पुढे आलेला दिसला की घर बहुधा १५२० च्या आधीचं. भाचीच्या घराचा मजला सरळ आहे, म्हणजे तिचं घर मनाईनंतरचं असण्याचीच शक्यता जास्त. हे ऐकून ती जरा खट्टू झाली.

जुनं दिसतं म्हणून जुनं?

पॅरिसमध्येच र्यू व्होल्तावर ३ नंबरचं एक घर आहे. लाकडी सांगाडा उघडा, भिंती किंचित कललेल्या. कितीतरी वर्षं हेच पॅरिसचं सर्वांत जुनं घर, सन १३०० च्या सुमाराचं, असं सांगितलं जात होतं. १९७९ मध्ये जुनी कागदपत्रं तपासली गेली तेव्हा कळलं की ते १६४४ नंतरचं आहे. साडेतीनशे वर्षांचं वय एका झटक्यात उतरलं. उलट फ्लामेलचं घर दिसायला साधं, सरळ, करडं. अनोळखी माणूस दोन्हींचे फोटो पाहून जुनं कोणतं हे नक्की चुकीचं सांगेल. मीही चुकलो होतो.

त्र्वा नावाच्या गावातही असंच. लाकडी घरांनी भरलेलं हे गाव पर्यटक 'मध्ययुगीन' म्हणून डोळे भरून पाहतात. पण १५२४ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला. आज दिसणारी बहुतेक लाकडी घरं त्यानंतर उभी राहिली.

मग वय ठरवतात कसं? कागद असला तर उत्तम. नसला तर लाकूडच बोलतं. झाडाच्या बुंध्यात दर वर्षी एक वलय वाढतं. पाऊसपाणी चांगलं झालं तर रुंद, वाईट गेलं तर अरुंद. एकाच प्रदेशातल्या ओकच्या झाडांनी म्हणजे एकाच दुकानाच्या जमाखर्चाच्या नकला ठेवल्यासारखं आहे. चांगलं साल, वाईट साल, दोन वाईट सालं, मग चांगलं, हा क्रम सगळ्यांत सारखा. तुळईतून पेन्सिलीएवढा नमुना काढायचा, त्याचा क्रम आधीच तयार असलेल्या शेकडो वर्षांच्या क्रमाशी जुळवायचा. सालीलगतचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडलं हे कळतं. सुतार ओक ओला असतानाच कामाला घेत, कारण वाळला की तो दगडासारखा होतो. त्यामुळे झाड तोडल्याचं वर्ष आणि घर उभं राहिल्याचं वर्ष यांत फार अंतर नसतं. मात्र जुन्या घरातली तुळई काढून नव्यात बसवली असेल तर लाकूड फसवतं. म्हणून एका तुळईवर कुणी विसंबत नाही.

वयाची एवढी चिकित्सा कशाला? कारण संरक्षण दिसण्यावर नाही, असण्यावर द्यायचं असतं. घराबद्दल काय खरं आहे ते आधी ठरवावं लागतं, मगच त्यातलं काय राखायचं हे ठरतं.

'संरक्षित' म्हणजे नेमकं काय

फ्रान्समध्ये याचे दोन दर्जे आहेत. वरचा 'वर्गीकृत', खालचा 'नोंदलेला'. दोन्ही मिळून देशात सुमारे ४५ हजार वास्तू आहेत. त्यांतल्या साधारण दोन तृतीयांश 'नोंदलेल्या'. आणि जवळजवळ निम्म्या खासगी मालकीच्या. सरकारजमा झाल्याची समजूत इथेच गळून पडते.

घर 'नोंदलेलं' असेल तर काम काढायच्या चार महिने आधी सरकारला कळवायचं. 'वर्गीकृत' असेल तर नुसतं कळवून भागत नाही, परवानगी घ्यावी लागते, आणि काम सरकारी तज्ज्ञांच्या नजरेखाली होतं. रोजची देखभाल, म्हणजे पन्हाळ साफ करणं, फुटलेली काच बदलणं, यासाठी कुणी अर्ज करत नाही. घर विकता येतं. घेणाऱ्याला आधी सांगायचं आणि पंधरा दिवसांत सरकारला कळवायचं. लोकांना आत पाहायला सोडलंच पाहिजे, अशी सक्ती नाही.

बऱ्याच जणांना हे माहीत नसतं की अनेकदा अख्खं घर संरक्षित नसतंच. कुठे फक्त दर्शनी भिंत आणि छप्पर, कुठे नुसता जिना, कुठे एक चूल. बाकीच्या घरात मालकाला स्वयंपाकघराच्या फरशा हव्या तशा बसवता येतात.

हे सगळं एका दिवसात आलं नाही. १८३० मध्ये ऐतिहासिक स्मारकांसाठी महानिरीक्षक हे पद निर्माण झालं. १८३४ पासून त्यावर कथाकार प्रॉस्पेर मेरीमे होता. देशभर घोडागाडीने फिरायचं, काय पडायला आलंय ते लिहून काढायचं, हे त्याचं काम. १८४० मध्ये पहिली यादी झाली: हजाराहून थोड्या जास्त वास्तू, बहुतेक चर्च, किल्ले, रोमन अवशेष. लेखनिकाचं घर कोण विचारतो! १८८७ चा कायदा आला, पण त्यात वास्तूला 'राष्ट्रीय' महत्त्व असावं लागे आणि खासगी मालकाची संमती लागे. ३१ डिसेंबर १९१३ च्या कायद्याने एक शब्द बदलला: 'राष्ट्रीय हित' गेलं, 'सार्वजनिक हित' आलं. दिसायला किरकोळ बदल. पण त्यामुळे राजाचा महाल नसलेलं, एखाद्या गावच्या गल्लीतलं साधं घरही कायद्याच्या कक्षेत आलं, आणि मालक नाही म्हणाला तरी सरकारला पुढे जाता येऊ लागलं.

यामागचा विचार व्हिक्टर ह्यूगोने १८३२ मध्येच मांडला होता. इमारतीत दोन गोष्टी असतात, तिचा वापर आणि तिचं सौंदर्य. वापर मालकाचा, सौंदर्य सगळ्यांचं, म्हणून ती पाडणारा आपल्या हक्काबाहेर जातो. पाडापाडी करणाऱ्यांवर चिडून लिहिलेल्या लेखातलं हे वाक्य आहे. पुढचे दोनशे वर्षांचे कायदे म्हणजे एका अर्थी याच वाक्याची कलमं पाडण्याची खटपट.

शेजाऱ्यालाही का विचारायचं?

भाचीचं घर तर कुठल्याच यादीत नाही. मग तिच्या मालकाला नियम का?

कारण १९४३ चा एक कायदा. संरक्षित वास्तूपासून ५०० मीटरच्या वर्तुळात, तिच्यासोबत नजरेत येईल असं बाहेरचं काही बदलायचं तर एका सरकारी वास्तुविशारदाचा होकार लागतो. खिडकीची चौकट लाकडाऐवजी प्लास्टिकची, झडपांचा रंग, छपरावरचे सौर पॅनेल, डिश, आणि हो, एसीचा डबाही. त्याचं मत हा नुसता सल्ला नसतो. ते नगरपालिकेवर बंधनकारक असतं. एरवी अशा छोट्या कामाच्या अर्जाला एक महिना लागतो, इथे दोन. २०१६ पासून आंधळेपणाने वर्तुळ ओढण्याऐवजी जागा बघून हद्द आखायची सोयही झाली आहे.

पॅरिससारख्या शहरात संरक्षित वास्तू इतक्या जवळजवळ आहेत की अशी वर्तुळं एकमेकांवर चढून शहराचा बहुतेक भाग झाकला जातो. नवा डबा भिंतीवर का दिसत नाही याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं म्हणजे सोसायटीतले शेजारी, पण तो विषय पुण्या-मुंबईच्या वाचकांना मी काय सांगणार.

आपल्याकडच्या नियमाशी ताडून पाहा. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटर नव्या बांधकामाला मनाई, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. आपण पट्टी लावतो, ते डोळा लावतात. पट्टी सगळ्यांना सारखी असते, पण आंधळी असते. डोळा समंजस असू शकतो, पण तो कुणाचा तरी डोळा असतो. आज एका विशारदाने हिरव्या झडपा चालवून घेतल्या आणि उद्या दुसऱ्याने नाकारल्या, ही तक्रार फ्रान्समध्ये कायम ऐकू येते आणि तिच्यात तथ्य आहे. निर्णयाविरुद्ध वर दाद मागता येते, हा त्यावरचा उतारा. पण खिडकीसाठी एवढा खटाटोप सगळेच करत नाहीत.

"हा मालकावर अन्याय नाही का?"

खर्च मालकाने करायचा आणि डोळे सुखवायचे गावाने? आक्षेप बिनतोड आहे. त्यामुळेच नियमांच्या बरोबरीने पैशाची बाजू उभी करावी लागली.

'नोंदलेल्या' वास्तूच्या दुरुस्तीला सरकार प्रत्यक्ष खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत देऊ शकतं. 'देऊ शकतं' हे नीट वाचा. तो हक्क नाही, तिजोरीत असेल तर मिळतं. करातही सवलत आहे, आणि लोकांना वास्तू पाहायला खुली केली तर ती वाढते. २०१८ पासून वारसास्थळांसाठी खास लॉटरी निघते. तिकिटांच्या विक्रीतला वाटा पडायला आलेल्या वास्तूंना जातो. छप्पर गळतंय आणि सोडतीकडे डोळे लागलेत, असं दृश्य मला तरी मजेशीर वाटतं, पण त्या पैशाने खरोखर छपरं झाली आहेत.

आणि मालकाने मुद्दाम घर पडू दिलं तर? आपल्या शहरांत हा प्रकार नवा नाही: वाडा दुरुस्त करायचा नाही, पावसाळ्याची वाट पाहायची. 'वर्गीकृत' वास्तूच्या बाबतीत फ्रेंच सरकार मालकाला नोटीस देऊन काम करायला लावू शकतं, पण मग किमान निम्मा खर्च सरकारने उचलायचा. 'नोंदलेल्या'बाबत ही सक्ती नाही. तिथे पावसाळ्याची वाट पाहता येते.

"सगळं बदललंय, मग जुनं काय राहिलं?"

फ्लामेलच्या घराचं मूळ छप्पर उंच त्रिकोणी दर्शनाचं होतं. त्यावरूनच त्या घराला नाव पडलं होतं. ते आज नाही. दर्शनी भागाची डागडुजी १९०० च्या सुमारास झाली. आत तर प्रत्येक पिढीने काहीतरी हलवलं आहे. मग १४०७ चं म्हणायचं कशाला?

आजीची गोधडी आठवा. वरचं लुगडं बदललेलं, कडेला आईच्या साडीचा काठ, एक कोपरा उंदराने कुरतडला म्हणून नवा जोडलेला. तरी ती आजीचीच गोधडी असते, कारण टाके कुठून कुठे गेले आणि कोणतं ठिगळ कधी लागलं ते सांगता येतं. जुन्या घराच्या दुरुस्तीची चांगली पद्धतही अशीच: नवं ठिगळ नवं म्हणून ओळखू यावं, जुन्याचं सोंग आणू नये. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये याच्या उलट मत जोरात होतं. व्हियोले-ल-द्युक हा मोठा वास्तुविशारद, त्याचं म्हणणं असं की वास्तू अशा पूर्ण रूपात आणावी जे तिला कदाचित कधीच नव्हतं. त्याच्या हातून गेलेल्या वास्तू देखण्या आहेत. पण त्यांत मध्ययुग किती आणि तो किती, हे सोडवायला तज्ज्ञ लागतात.

घरांच्या बाबतीत हा मोह लाकूड उघडं करण्याचा असतो. आगीच्या भीतीने पॅरिसमध्ये १६०७ नंतर लाकडी दर्शनी भिंती गिलाव्याखाली गेल्या. विसाव्या शतकात लोकांना काळ्या तुळयांची नक्षी आवडू लागली, आणि गिलावे खरवडले गेले. र्यू फ्रांस्वा-मिरोंवरच्या दोन प्रसिद्ध घरांचं लाकूड १९६० च्या दशकातल्या दुरुस्तीत असंच पुन्हा उजेडात आलं. तिथे ते शोभतं. पण दुसऱ्या कित्येक घरांत ते लाकूड दाखवण्यासाठी कधीच नव्हतं. त्याच्यावरचा चुन्याचा थर म्हणजे रेनकोट होता. तो काढला की पावसाचं पाणी सांध्यांत शिरतं.

"आणि गरिबांचं काय?"

मला सर्वांत टोचणारा आक्षेप हाच आहे. फ्लामेलचं घर ज्याच्या कडेला आहे तो 'मारे' नावाचा पॅरिसचा जुना मोहल्ला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गरीब कारागिरांचा, गर्दीचा, पडक्या वाड्यांचा भाग होता. काही गल्ल्या 'आरोग्याला घातक' म्हणून पाडायच्या यादीत होत्या. ४ ऑगस्ट १९६२ ला सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरोच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. एकेक घर न राखता अख्खा मोहल्ला राखायचा, हा त्यातला नवा विचार. १९६४ मध्ये ल्यों शहराचा जुना भाग असा पहिला संरक्षित मोहल्ला ठरला, मारेची योजनाही मार्गी लागली.

घरं वाचली. अंगणांत पुढच्या काळात उठलेल्या पत्र्याच्या शेड, कारखाने काढून टाकले गेले. पण त्या शेडमध्ये कुणीतरी काम करत होतं. दुरुस्त घरांची भाडी वाढली, जुने भाडेकरू पांगले, आणि मारे आज पॅरिसच्या महागड्या भागांत मोजला जातो. कायद्याने भिंती राखल्या. त्यांच्या आत राहणारी माणसं राखायचं कलम त्यात नव्हतं. ज्या घरावर "आम्ही कष्टकरी स्त्री-पुरुष" असं कोरलंय, त्या घरात जेवायचं तर आता खिशाचा अंदाज घेऊन जावं लागतं.

याला उत्तर म्हणून सांगतात की पाडून नवी बांधली असती तरी गरीब तिथे टिकले नसतेच. खरं आहे. तरीही.

एसी, थंडी आणि चुना

आता मूळ प्रश्न. फ्रान्समध्ये घरांना विजेच्या उपकरणांसारखी ए ते जी अशी ऊर्जा-श्रेणी असते; ए सर्वांत चांगली, जी सर्वांत वाईट. १ जानेवारी २०२५ पासून 'जी' श्रेणीचं घर नव्याने भाड्याने देता येत नाही. २०२८ पासून 'एफ', २०३४ पासून 'ई' यांची पाळी. म्हणजे एक कायदा सांगतो भिंतींना उबदार कवच चढवा, दुसरा सांगतो भिंतीला हात लावू नका. जुन्या घरांचे मालक या कात्रीत सापडले आहेत. वारशामुळे काम करणंच शक्य नसेल तर सवलत आहे, पण ते सिद्ध करावं लागतं.

यात हटवाद दोन्ही बाजूंनी होतो, पण एक गोष्ट निव्वळ शास्त्राची आहे. माती, लाकूड आणि चुन्याची भिंत ओल शोषते आणि सोडते. तिच्यावर बाहेरून थर्माकोलचा जाड थर बसवला किंवा सिमेंटचा गिलावा केला तर ओल आत अडकते. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते, आणि खिडकीखालची आडवी तुळई गिलाव्याआड भुसा होत जाते. बोट रुतेपर्यंत कुणाला कळत नाही. म्हणून जाणकार कारागीर तिथे चुना आणि भांगेच्या कुळातल्या झाडाच्या देठांचा भुसा मिसळून लेप देतात. तो ऊब धरतो आणि ओल सोडतो. हे ऐकून हसू नका. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेचे तंतू सापडल्याचं २०१६ मध्ये संशोधकांनी मांडलं होतं.

उन्हाळ्यात अशा घराची खरी सोय म्हणजे लाकडी झडपा. उन्हं यायच्या आत बंद, रात्री सताड उघड्या. भाची सकाळी कॉलेजला जाताना त्या उघड्याच टाकून जायची, "उजेड यावा म्हणून".

आणि डबा? नियमाचा सगळा भर रस्त्यावरून आणि स्मारकासोबत काय दिसतं यावर आहे. मागच्या अंगणाकडच्या भिंतीवर, कुणाच्या नजरेत न येईल असा, होकार मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. मी तिला विचारलं, तुझी दुसरी खिडकी कुठे उघडते?

"मागे. तिथून फक्त खालच्या मादामची वाळत घातलेली चादर दिसते."

"मग मालकाला सांग, तिकडच्या भिंतीसाठी अर्ज कर म्हणावं."

दोन दिवसांनी मेसेज आला. मालक तयार आहे. मादाम नाही म्हणतेय. डब्यातलं पाणी चादरीवर ठिबकेल म्हणते.